लढाई संपल्यावर काय होतं?



आमच्या चौथीच्या वर्गात परवा मी एक प्रश्न टाकला. "लढाईचा सिनेमा कुठे संपतो?" भराभर हात वर झाले. "डोंगरावर झेंडा लावला की संपतो, बाई!" "शत्रू पळाला की!" एकाने सांगितलं, "पाट्या यायला लागल्या की," आणि वर्ग खो-खो हसला. मग खिडकीजवळची एक मुलगी उठून म्हणाली, "सैनिक घरी येतो, आई ओवाळते, तेव्हा."

उत्तर छान होतं. मी विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी?"

वर्ग गप्प.

खरं आहे, दुसऱ्या दिवसाचा सिनेमा सहसा कोणी काढतच नाही. कॅमेरा लढाईबरोबर येतो आणि लढाईबरोबर निघून जातो. पण काही जणांनी कॅमेरा तिथेच ठेवला. आज तुम्हांला अशा दोन सिनेमांची गोष्ट सांगते. एक आपल्या सांगली जिल्ह्यातल्या माणसावरचा आणि दुसरा पार अमेरिकेतला. सिनेमा काढणारी माणसंही ओळखीची करून घेऊ, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

सांगली जिल्ह्यात पेठ-इस्लामपूर आहे ना, तिथले मुरलीकांत पेटकर. कुस्तीची आवड. कुस्ती म्हटली की त्या भागात एकच नाव पहिल्यांदा निघणार, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परत आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. ती बघून किती पोरांनी मनातल्या मनात पदक गळ्यात घालून पाहिलं असेल, कोण जाणे!

पेटकर सैन्यात गेले. ईएमई म्हणजे सैन्याची वाहनं, तोफा, यंत्रं दुरुस्त करणारा विभाग. तिथे ते क्राफ्ट्समन होते आणि बॉक्सिंग खेळायचे. मग आलं १९६५ चं पाकिस्तानबरोबरचं युद्ध. त्यात गोळ्यांनी त्यांच्या शरीराची चाळण झाली. बराच काळ ते शुद्धीवर नव्हते. जीव वाचला, पण एक गोळी मणक्यात राहून गेली, ती कायमची. कमरेखालचं शरीर ऐकेनासं झालं.

असं का होतं, ठाऊक आहे? आपल्या पाठीच्या मणक्यांतून मज्जारज्जू नावाची एक जाड दोरी जाते. मेंदूने "चल" म्हटलं की हा निरोप त्या दोरीवरूनच पायांपर्यंत पोचतो. दोरीला मध्येच इजा झाली तर निरोप तिथेच अडतो. पाय असतात, पण त्यांना काही कळवताच येत नाही. पूर्वीच्या टेलिफोनची तार तुटल्यावर व्हायचं तसंच. फरक एवढाच की तार जोडता यायची.

पेटकरांवर मुंबईत कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले. काल-परवापर्यंत रिंगणात ठोसे मारणारा विशी-बाविशीतला जवान आता कूस बदलायलाही दुसऱ्याची वाट बघत पडून होता. सिनेमात असे दिवस दोन मिनिटांत जातात. पलंगावर मात्र एकेक दिवस चोवीस तासांचाच असतो हं.

व्यायामोपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. पाणीच का? जमिनीवर शरीराचं सगळं ओझं पायांना उचलावं लागतं. पाण्यात ते ओझं पाणी उचलतं, आणि पुढे सरकायला हात पुरतात. बॉक्सिंग करून कमावलेले हात तर त्यांच्याकडे होतेच!

इथे जरा वाट सोडून इंग्लंडला जाऊन येऊ. जर्मनीत ज्यूंचा छळ सुरू झाला तेव्हा तिथून निसटून आलेले एक डॉक्टर इंग्लंडमध्ये होते, लुडविग गुटमान. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल इथल्या रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्या हाती आला. त्या काळी अशा सैनिकाबद्दल डॉक्टरसुद्धा मान हलवायचे. याचे थोडेच दिवस उरलेत, उगाच त्रास कशाला द्यायचा? गुटमान यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी रुग्णांना पलंगावरून उठवलं, हातात चेंडू दिला, धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ ला लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी इकडे रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसून सोळा जखमी सैनिक, पुरुष आणि बायका, तिरंदाजीची स्पर्धा खेळले. पुढे १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक भरलं, त्याचं मूळ ही हिरवळ. टीव्हीवर पॅरालिंपिक बघताना लक्षात ठेवा, हा खेळ जन्मला तो युद्धातल्या जखमींच्या वॉर्डात.

पेटकर १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळले. मग १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला गेले. आता परदेशी जायचं म्हणजे तिकीट आलं! तो भार उचलायला पुढे आले क्रिकेटपटू विजय मर्चंट. दिव्यांगांसाठी त्यांनी पुष्कळ काम केलंय.

त्या वर्षीचं ऑलिंपिक होतं म्युनिकला. मग पॅरालिंपिक हायडेलबर्गला कसं? म्युनिकमध्ये खेळाडूंसाठी बांधलेली घरं स्पर्धेनंतर लगेच फ्लॅट म्हणून लोकांना द्यायची होती, म्हणून पॅरालिंपिकला जागा मिळाली नाही! मला तर हे वाचून रागच आला होता.

तर, ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत. पेटकरांनी अंतर कापलं ३७.३३ सेकंदांत. जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक! आता डोळे मिटून सावकाश सदतीसपर्यंत मोजा. तेवढ्या वेळात फक्त हातांच्या जोरावर एक माणूस तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचला. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकला मार्क स्पिट्झ नावाचा अमेरिकन जलतरणपटू एकामागून एक सुवर्णपदकं घ्यायला लागला, एकूण सात. त्याचं नाव जगभर झालं.

आणि पेटकरांचं? भारताच्या कोणाही खेळाडूचं ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक होतं. ऑलिंपिकमध्ये असं पदक मिळायला अभिनव बिंद्राच्या २००८ सालापर्यंत थांबावं लागलं. तरी १९९० च्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत पेटकरांचं नाव शोधून दाखवा बरं! मी शाळेत असताना प्रश्नमंजूषेची अशी पुस्तकं अगदी पाठ केली होती. राजधान्या होत्या, नद्या होत्या, खाशाबाही होते. पेटकर नव्हते.

पदकानंतर ते पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात नोकरी करू लागले. वर्षं गेली. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी अर्ज केला होता, तो मिळाला नाही. २०१८ साली पद्मश्री मिळाली. १९७२ ते २०१८ म्हणजे किती? वजाबाकी तुम्हीच करा. खाशाबांची कथाही फार वेगळी नाही. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली, आणि ते गेले होते १९८४ मध्ये.

आता सिनेमाकडे येऊ. 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी सिनेमा १४ जून २०२४ ला लागला. पेटकरांचं काम केलंय कार्तिक आर्यनने, दिग्दर्शक कबीर खान, निर्माते साजिद नाडियादवाला आणि कबीर खान, संगीत प्रीतमचं. 'चंदू' म्हणजे काय, तर पदकाच्या गप्पा मारणाऱ्या पोराला सिनेमातल्या गावातली पोरं चिडवतात ते नाव.

कबीर खान म्हटलं की मोठ्यांना 'बजरंगी भाईजान' आठवेल, तुम्हांला कपिल देवच्या विश्वचषकाचा '८३'. पण त्याच्याही आधी ते माहितीपट काढायचे. १९९९ साली त्यांनी 'द फरगॉटन आर्मी', म्हणजे विसरलेली सेना, असा एक माहितीपट केला होता. नेताजींच्या आझाद हिंद सेनेतल्या कॅप्टन लक्ष्मी सहगल आणि कर्नल गुरुबक्षसिंग धिल्लों या दोघांना बरोबर घेऊन ते सिंगापूरपासून ब्रह्मदेशमार्गे, जिथून ती सेना गेली होती, त्या वाटेने आले. म्हातारे सैनिक पुन्हा आपल्या तरुणपणाच्या वाटेवर! म्हणजे विसरलेल्या सैनिकांच्या मागे हा माणूस पंचवीस वर्षं आहे. 'चंदू चॅम्पियन' काही एका दिवसात सुचलेला नाही.

सिनेमाची सुरुवात मजेशीर आहे. सांगलीकडच्या एका पोलिस ठाण्यात एक म्हातारा येतो आणि सांगतो, मला तक्रार नोंदवायचीय. कोणाविरुद्ध? भारताच्या राष्ट्रपतींविरुद्ध! का, तर मला अर्जुन पुरस्कार दिला नाही. इन्स्पेक्टरला (श्रेयस तळपदे) हसू आवरत नाही. म्हातारा आपली हकीकत सांगू लागतो आणि ठाण्यातली माणसं हळूहळू खुर्च्या सरकवून त्याच्याभोवती येतात. तो म्हातारा म्हणजे मेकअप केलेला कार्तिकच.

त्याने या कामासाठी मेहनत खरंच घेतली. कुस्ती, बॉक्सिंग, पोहणं असं सगळं महिनोन् महिने शिकला. २०२५ मध्ये त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो याच भूमिकेसाठी, अभिषेक बच्चनबरोबर विभागून. विजय राज यांनी उभा केलेला प्रशिक्षक टायगर अली मला सगळ्यांत आवडला. कमी बोलतो आणि डोळ्यांनी रागावतो. हॉस्पिटलमधला राजपाल यादवही हसवता हसवता घशात काहीतरी अडकवून जातो. युद्धाचा प्रसंग मध्ये न थांबता, लांबच्या लांब एका दमात चित्रित केलाय. पण माझं स्पष्ट मत सांगू? आधीचे विनोद जरा कमी करून वॉर्डातले दिवस वाढवायला हवे होते. प्रेक्षक कंटाळेल अशी भीती वाटली असावी. सिनेमा म्हणून काही गोष्टी रंगवून, जोडून सांगितल्यात, हेही ध्यानात घ्या. इतिहासाच्या पेपरात सिनेमातला प्रसंग लिहू नका म्हणजे झालं!

आणि एक गंमत बघा. सिनेमा आला जून २०२४ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्याच हस्ते पेटकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला, जीवनगौरव म्हणून. सिनेमामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही. तारखा तेवढ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

आता अमेरिकेचा सिनेमा. १९४६ साल, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' असं त्याचं लांबलचक नाव, म्हणजे 'आमच्या आयुष्याची सगळ्यांत चांगली वर्षं'. तीन सैनिक एकाच विमानातून आपल्या गावी परततात. एक बँकेत अधिकारी होता. दुसरा युद्धात विमानातून बॉम्ब टाकायचा, गावात त्याला पुन्हा दुकानात सरबतं विकावी लागतात. तिसरा होमर, नौदलातला पोरगा. त्याचे दोन्ही हात गेलेत आणि जागी लोखंडी आकडे आहेत.

सिनेमाचा दिग्दर्शक विल्यम वायलर स्वतः युद्धात होता. लढाऊ विमानांत बसून त्याने माहितीपट काढले आणि विमानाच्या आवाजाने एका कानाने बहिरा झाला. म्हणजे घरी परतलेला सैनिक कसा असतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. होमरच्या कामासाठी त्याने नट घेतलाच नाही. हॅरॉल्ड रसेल नावाचा खराखुरा सैनिक घेतला. ६ जून १९४४ ला प्रशिक्षण देताना सुरुंगाची दारू हातात फुटून रसेलचे दोन्ही हात गेले होते. निर्मात्याने त्याच्यासाठी अभिनयाची शिकवणी लावली, तर वायलरने ती बंद करायला लावली. याला अभिनय शिकवाल तर बिघडवाल, असं त्याचं म्हणणं.

त्या सिनेमातला एक प्रसंग खास तुमच्यासाठी. होमर घराबाहेरच्या खोलीत त्याच्या मैत्रिणीशी बोलत असतो. तिच्याशी लग्न करायचं ठरलेलं असतं, पण आता तिला आपली दया येत असेल या विचाराने तो आतून पोळलेला. एवढ्यात लक्ष जातं तर खिडकीबाहेर पोरं! त्याची धाकटी बहीण आणि तिचे सवंगडी नाकं दाबून टकमक बघतायत, आकडे कसे चालतात ते. होमरचा तोल सुटतो. आकडे बघायचेत? घ्या बघून! असं ओरडून तो दोन्ही आकडे खिडकीच्या काचेतून खळ्ळकन् आरपार घुसवतो. पोरं घाबरून पळतात, बहीण रडते. आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटतं.

पोरं वाईट नव्हती हं. त्यांना नवल वाटत होतं, एवढंच. तुम्हांलाही वाटलं असतं, मलाही. पण त्यांनी आकडे पाहिले आणि होमर पाहिलाच नाही. त्याच पोरांतलं एखादं दार उघडून आत आलं असतं आणि "दादा, याने पेन्सिल धरता येते का रे?" असं तोंडावर विचारलं असतं, तर काच फुटली नसती असं मला वाटतं. सिनेमात दुसरीकडे होमर लोकांना आकड्यांनी काडी पेटवून दाखवतो, पियानोसुद्धा वाजवतो, तोही हसत हसत.

या भूमिकेसाठी रसेलला दोन ऑस्कर मिळाले. हा नट नाही, याला स्पर्धेत कसलं बक्षीस मिळतंय, म्हणून आधी एक सन्मानाचं देऊन ठेवलं, आणि मग सहायक अभिनेत्याचं खरं बक्षीसही त्यानेच जिंकलं! एकाच भूमिकेला दोन ऑस्कर, असं दुसरं उदाहरण नाही. त्यांतलं एक त्याने १९९२ मध्ये विकून टाकलं, बायकोच्या दवाखान्याच्या खर्चासाठी.

'चंदू चॅम्पियन'मध्ये धडधाकट नटाने जखमी सैनिक उभा केला, इथे जखमी सैनिकच पडद्यावर आला. कोणतं बरोबर? माझ्या मते ज्याची गोष्ट आहे त्यालाच उभं केलं तर प्रेक्षकाला नजर चुकवता येत नाही. पण पेटकरांचं तरुणपण आता कुठून आणणार? तेव्हा कार्तिकला माफ!

तुमच्या आईबाबांना नाना पाटेकरांचा १९९१ चा 'प्रहार' नक्की आठवत असेल. स्वतः दिग्दर्शन करून, त्यासाठी सैनिकी प्रशिक्षण घेऊन नानांनी तो काढला. त्यातला पीटर नावाचा जवान पाय गमावून मुंबईत घरी येतो आणि त्याची खरी लढाई गल्लीतल्या गुंडांशी होते. मन्ना डे यांनी गायलेलं त्यातलं गाणं शाळांमधून ऐकू येतं. पण तो सिनेमा मोठ्यांसाठीच बरा, मारामारी फार आहे.

पालकांसाठी एक सूचना. 'चंदू चॅम्पियन'मधला युद्धाचा भाग अगदी लहानांबरोबर बसूनच बघावा. अमेरिकेचा सिनेमा काळा-पांढरा, इंग्रजीतला आणि जवळजवळ तीन तासांचा आहे. दोन-तीन दिवसांत तुकडे करून बघा, मध्ये मुलांना गोष्ट सांगत सांगत.

आपल्या जिल्ह्याचं लष्कराशी जुनं नातं आहे. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. कोपरगावच्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे जातात. रणगाड्यापुढे उभं राहून सगळे फोटो काढतात. पुढच्या वेळी गेलात तर एवढंच विचारा, की याच्या आत किती माणसं बसायची आणि ती नंतर कुठे गेली? पुण्याजवळ खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासूनचं. तिथले जवान चाकाच्या खुर्चीत बसून खेळतात, कामं शिकतात. काही तर तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात.

आणि लांब कशाला जायचं? तुमच्या गावात, गल्लीत, साखर कारखान्याच्या गेटवर पहारा करणारे, बँकेच्या दारात उभे असलेले एखादे माजी सैनिक काका असतीलच. कोणाचे आजोबा असतील, कोणाचे मामा. या आठवड्याचा उपक्रम तो. त्यांना भेटा. "तुम्ही किती शत्रू मारले?" हे विचारायचं नाही, बरं का. पोरं तेच विचारतात आणि काका हसून विषय बदलतात. त्यांना विचारा, सैन्यातून घरी आल्यावर पहिला आठवडा कसा गेला? झोप लागली का? पहाटे किती वाजता जाग यायची? गावात काय बदललेलं होतं? पहिलं काम कोणतं मिळालं? सांगायला नको वाटलं तर आग्रह करू नका, चहा पिऊन परत या.

जे ऐकाल ते एका पानात लिहून आमच्याकडे पाठवा. काकांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव लिहू नका. स्वतःचं नाव, इयत्ता आणि शाळा मात्र जरूर लिहा. मागच्या उपक्रमाची अकरा पत्रं बिननावाची आली, आता शाबासकी द्यायची कोणाला?